वर्षाला की महिन्याला

कोच हाफनर म्हणतो, "युली, तू फक्त सही कर,
बाकीचं होईल."
बाकीचं म्हणजे चार हजार तीनशे डॉलर.
मनानं मोठा माणूस, पण त्याच्या तोंडी
हा शब्द फार हलका वाटतो.
मला सवय आहे सगळं काट्यावर ठेवून बघायची.
अख्खा हिवाळा मी एकशे पंधरा पौंडांत काढला.
मोजे उतरवले की दोन औंस,
ओले केस, तेही मोजतात.

दुपारी चारला बाबा प्लान्टमधून आले.
नेब्रास्कात वारा दक्षिणेचा असला
की त्यांच्या आधी त्यांचा वास घरी येतो.
त्यांनी कोमट पाण्यात मीठ टाकलं,
सुरीचा हात त्यात बुडवून बसले.
बोटं उघडायला वीस मिनिटं लागतात.
तेवढ्यात मी शाळेचा लॅपटॉप उघडला.

अर्जात विचारलंय, पालकांची गुंतवणूक किती?
मी शून्य लिहिलं.
अर्जात विचारलंय, पालकांचं शिक्षण?
आई झोपली होती, रात्रपाळी. तिला उठवलं नाही.
दोघांचं मिळून चार इयत्ता होतात,
पण बेरजेचा रकाना नव्हता.

मी ठरवून ठेवलं होतं कसं सांगायचं ते.
की कॉलेज कुस्तीसाठी आठ हजार देतंय,
सरकार सात देतंय, ते परत करायचे नाहीत,
आणि साडेपाच हजार
(इथे मी आवाज खाली आणला)
साडेपाच हजार कर्ज.
कांहोबालमध्ये या शब्दाला जी धार आहे
ती इंग्रजीत नाही.
इंग्रजीत ते 'मदत' या मथळ्याखाली येतं.

मला वाटलं, उठतील.
मला वाटलं, म्हणतील, पोरीच्या जातीला
अंगाला अंग भिडवून वर कर्जही?
त्यांनी पाण्यातून हात काढला.
"व्याज?"
"साडेपाच टक्के."
"महिन्याला?"
"वर्षाला."
"वर्षाला," ते म्हणाले. पुन्हा म्हणाले.
आणि हसायला लागले,
इतके, की आई आतून ओरडली काय झालं म्हणून.

मग त्यांनी कपाटावरून वही आणली.
मला माहीत नव्हतं अशी वही आहे.
आम्हा तिघांना सीमेपार आणायला
गावच्या सावकाराकडून घेतलेले पैसे,
महिन्याला शेकडा दहा,
कॉफीची पट्टी गहाण.
आठ वर्षं चार महिने.
प्रत्येक शनिवारी एक आकडा,
काही शनिवारी नुसतीच रेघ,
त्या आठवड्यांत मी काय खाल्लं होतं
मला आठवत नाही. म्हणजे जेवले असणार.

मी चारदा जिल्ह्यात पहिली आले.
पाठ टेकायला दोन बोटं उरली असताना
मानेवर पूल करून सुटले आहे.
वाटायचं, घरात कुस्ती मी एकटीच खेळते.

"आता वाच," बाबा म्हणाले, "सगळं. बारीक अक्षरसुद्धा.
पहिला हप्ता कधी? चुकला तर काय?
पाय मोडला आणि खेळ सुटला, तर ते आठ हजार राहतात का?"
शेवटचं मी कोचला विचारलंच नव्हतं.
तिथल्या तिथे फोन केला.
हाफनर बराच वेळ गप्प. मग म्हणाला,
"एक वर्ष राहतात. पुढचं बघावं लागेल."
बाबांनी ते वहीत लिहिलं, आपल्या स्पेलिंगमध्ये.

कॉलेजच्या स्वयंपाकघरातलं काम, सव्वीसशे.
लॉन्ड्रीत उन्हाळाभर साठवलेले अकराशे चाळीस.
उरले पाचशे साठ.
मी त्यांच्याकडे पाहिलं.
ते पाचशे साठकडे पाहत होते.
"ऑगस्टला अजून वेळ आहे," एवढंच म्हणाले,
म्हणजे ते माझे.

त्यांचं शेवटचं पान आडवी रेघ मारून बंद केलेलं,
खाली तारीख. त्यापुढचं कोरं पान
त्यांनी मीठपाण्यानं मऊ झालेल्या हातानं उघडलं
आणि वर लिहिलं, एउलालिया,
पूर्ण नाव, कोच म्हणतो तसं नाही.

मग म्हणाले, सही झाली की पेन दे,
प्लान्टचं आहे, उद्या परत ठेवायचंय.